तुम्ही विचारलंत म्हणून: आधी हवा, मग टायर

"तुमची पिकअप फोर-बाय-फोर नाही, तरी वाळूत कशी नेता? आणि टायर कुठले घातलेत?" हे दोन प्रश्न मला कायम जोडीनेच येतात. फोर-बाय-फोर म्हणजे इंजिनाची ओढ चारही चाकांना; माझ्या गाडीत ती फक्त मागच्या दोन चाकांना आहे. विचारणाऱ्याला खरं तर दुसऱ्याचंच उत्तर हवं असतं. टायरचं नाव कळलं की विकत घेतले, विषय संपला. माझी पंचाईत अशी, की माझं उत्तर फुकटातलं आहे आणि फुकटातलं उत्तर सहसा कुणाला पटत नाही. टायरमधली हवा कमी करा.

मीही आधी टायरच घेतले होते. चिखलात चालणारे, मोठमोठ्या गोट्यांचे (म्हणजे नक्षीच्या जाड उंचवट्यांचे), बघूनच दरारा वाटावा असे. पहिल्याच मऊ पट्ट्यात गाडी मंदावली, मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि त्या टायरांनी आपलं काम चोख केलं. खड्डा खणला. मागच्या डिफरन्शियलचा गोळा (दोन चाकांच्या मधोमध असतो तो, चाकांना जोर वाटून देणारा) वाळूवर टेकेपर्यंत खणला. पुढचे दोन तास मी फावडं घेऊन विचार करत होते, आणि विचार करायला ती जागा वाईट नव्हती. चिखलात गोट्या वरचा लिबलिबीत थर कापतात आणि खालच्या घट्ट जमिनीला जाऊन धरतात. कोरड्या वाळूखाली धरण्यासारखं काही नसतंच, खाली आणखी वाळू. तिथे चाकाने खाली जायचं नसतं, वर राहायचं असतं.

वर राहण्याचा हिशोब सोपा आहे. टायर जमिनीवर जो दाब टाकतो तो साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढा असतो. रस्त्यावर ३६ पीएसआय असेल आणि तुम्ही १८ वर आणलात, तर तेवढंच वजन पेलायला टायर जवळजवळ दुप्पट जागेवर पसरतो. लोकांना वाटतं तो रुंदीला पसरतो. रुंदीला थोडाच, मुख्यतः लांबीला. रणगाड्यासारख्या पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राच्या दिशेने टाकलेलं ते एक छोटं पाऊल म्हणा. म्हणून मी वाळू लागण्याआधीच थांबते आणि १८ वर आणते. तरी जड जात असेल तर १५. त्याखाली फक्त रुतल्यावर, आणि तेव्हा वळण अगदी हलकं, कारण टायरची कड रिमवरून सुटू शकते.

हवा चारही चाकांची सोडायची, हे मात्र ठासून सांगते. बरेच जण ओढ मागच्या चाकांना म्हणून फक्त मागची सोडतात. पण रिकाम्या पिकअपचं वजन कुठे असतं? इंजिनाखाली, पुढे. पुढची चाकं कडक राहिली तर ती वाळूत नांगरासारखी घुसतात आणि तो नांगर ओढायचा बिचाऱ्या हलक्या मागच्या चाकांनी. पुढची चाकं मऊ असली की वाळू दाबून वाट करतात आणि मागची त्याच वाटेने येतात.

हौद्यात वजन टाकावं का? थोडं, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा जरा पुढे. पोती भरभरून टाकलीत तर पकड वाढते तशी रुतण्याची सोयही होते. माझा अनुभव असा, की हवा नीट सोडली असेल तर वजनाची फारशी आठवण येत नाही.

चालवण्याबद्दल एवढंच, की गती मोडू द्यायची नाही आणि गतीचा अतिरेकही करायचा नाही. सुटताना दुसरा गिअर, क्लच हळू. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की आपोआप आवरणारी यंत्रणा) असेल तर बंद, नाहीतर नेमक्या गरजेच्या क्षणी तो इंजिनाचा जोर काढून घेतो. थांबायचं असेल तर ब्रेक नको, कारण ब्रेकने प्रत्येक चाकापुढे वाळूचा बांध घातला जातो. नुसता पाय काढा, वाळूच गाडी थांबवते. शक्यतो उताराकडे तोंड करून थांबा.

चाक जागच्या जागी फिरलं की त्याच क्षणी पाय काढायचा. "थोडा आणखी जोर" ही खड्ड्याची सुरुवात. आपल्याच चाकोरीतून मागे या, ती वाळू दाबली गेलेली असते. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, म्हणजे एक मोकळं फिरायला लागलं की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा. मागच्या चाकांवर काम करणारा हँडब्रेक एखाद-दोन खाचा ओढला तर फिरणारं चाक जरा अडतं आणि दुसऱ्याकडे काही जोर पोचतो. कधी जमतं, कधी नाही. नाही जमलं तर फावडं.

आता टायर. वाळूसाठी चांगला टायर म्हणजे हवा काढल्यावर आनंदाने बसतो तो. टायरवाले "दहा प्लाय" (टायरच्या मजबुतीचं माप) असं अभिमानाने सांगतात. जड मालासाठी ते खरंच हवं, पण अशा टायरची बाजू इतकी ताठ असते की १८ पीएसआयला तो ढिम्म उभा राहतो. आपल्या वजनाला पुरेल एवढाच भार-निर्देशांक (टायर किती वजन पेलतो तो आकडा) घ्या, उगाच दोन पायऱ्या वरचा नको. नक्षी मध्यम, ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीला चालणारी) पुरे. कडा गोलसर असतील तर उत्तम. आणि रिम वाढवून टायर पातळ करायची हौस सोडा. बाहेरचा घेर तोच ठेवून रिम ब्रेकवर बसेल इतकी लहान असली की बाजू उंच मिळते, आणि वाळूत उपयोगी पडते ती बाजूच.

घेर मोठा केला तर टायरचा जमिनीवरचा ठसा लांबतो, हे खरं. पण टू-व्हील ड्राइव्ह गाडीला सहसा लो रेंज (हळू पण जास्त जोराने ओढणारे जादा गिअर) नसते. मोठ्या चाकाने प्रत्येक गिअर जड होतो आणि तो भार क्लच सोसतो. वर स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो.

यावर कुणीतरी म्हणतंच, "पण फोर-बाय-फोर ते फोर-बाय-फोरच." त्यांना मी राल्फ बॅग्नॉल्डची गोष्ट सांगते. या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९२० आणि ३० च्या दशकांत लिबियन वाळवंट साध्या फोर्ड गाड्यांनी पालथं घातलं. टायरमधली हवा कमी करायची आणि रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हळी घालायच्या, ही त्याची रीत. १९४० मध्ये त्याने इजिप्तमध्ये लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही वाळवंटात दूरवर जाणारी लष्करी तुकडी उभी केली तेव्हा सुरुवातीचे शेव्हरले ट्रक दोनच चाकांनी ओढणारे होते. मध्ये त्या तुकडीला फोर-बाय-फोर फोर्ड मिळाले. ते जड होते आणि पेट्रोल फार पीत. १९४२ मध्ये ती पुन्हा टू-व्हील ड्राइव्ह शेव्हरलेवर आली.

मी फोर-बाय-फोरच्या विरोधात नाही हं. उंच टेकाडांवर मी माझी पिकअप नेतच नाही, लांबून बघते.

राहिला पंप. तो नसेल तर हवा सोडू नका, कारण मऊ टायरवर डांबरी रस्त्याला वेगात गेलात तर बाजू तापते आणि टायर फाटतो. वाळू संपली की मी थांबते, पंप लावते. गरम टायरचं माप थोडं जास्त दिसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरवर गेज पुन्हा लावते. पंप घरघरत असतो तेव्हा एकेका टायरच्या बाजूवरून हात फिरवते. चिरा तिथेच पडतात, आणि आतल्या बाजूला पडल्या तर डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात.