‘मॅडम, मी व्हिज्युअल लर्नर आहे’

पहिल्या वर्षाची नवी बॅच आली की कुणी ना कुणी हे मला सांगतंच. इंटरनेटवर कुठलीतरी चाचणी दिलेली असते, तिच्या निकालात ‘व्हिज्युअल’ (बघून शिकणारा), ‘ऑडिटरी’ (ऐकून शिकणारा) किंवा ‘किनेस्थेटिक’ (हाताने करून शिकणारा) असा शिक्का मिळालेला असतो. मग त्या शिक्क्याबरहुकूम एक तर रंगीत पेनांचा संच येतो, नाहीतर लेक्चर रेकॉर्ड करू का असं विचारत कुणीतरी दारात उभं असतं. मी फिजिओथेरपीच्या मुलामुलींना शरीररचनाशास्त्र शिकवते. शिक्का कुठलाही असो, पहिल्याच प्रॅक्टिकलला मी सगळ्यांना स्वतःचं मनगट चाचपायला लावते.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. अंगठा मागे ताणून धरला की त्याच्या मुळाशी एक खळगा दिसतो. त्या खळग्यात बोट दाबलं की खाली त्या आठांपैकी स्कॅफॉइड नावाचं हाड लागतं. हे बोटांनाच कळतं, त्याचं कितीही सुंदर वर्णन ऐकलं तरी बोट पहिल्यांदा चुकतंच. त्याच हाडाला चीर गेली आहे का हे एक्स-रेवर शोधायचं तर डोळे लागतात. (आणि पहिल्या एक्स-रेत ती चीर कधीकधी दिसतच नाही, तेव्हा पुन्हा बोटावर यावं लागतं. खळग्यात दाबल्यावर रुग्ण कळवळला की संशय घ्यायचा.) फुप्फुसातली करकर मात्र स्टेथोस्कोप लावून कानांनीच ऐकायची. म्हणजे डोळे, कान की हात, हे त्या त्या विषयाच्या त्या त्या तुकड्यावर ठरतं. एक्स-रे ऐकून समजणारा विद्यार्थी मला अजून भेटायचाय.

या शिक्क्यांमागे वाईट हेतू नव्हता. न्यूझीलंडमध्ये शाळा तपासनीस म्हणून काम केलेल्या नील फ्लेमिंग यांनी कुणाला माहिती कोणत्या मार्गाने घ्यायला आवडते याची प्रश्नावली बनवली आणि 1992 मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रश्न आवडीचा होता. पुढे लोकांनी त्याची औषधाची चिठ्ठी करून टाकली. शिवाय हा एकच प्रकार नाही. 2004 मध्ये ब्रिटनमधल्या एका आढाव्यात अशी तब्बल 71 मॉडेलं मोजली गेली. 71! एका माणसाला एवढ्या शिक्क्यांखाली उभं करायचं म्हटलं तर अभ्यासाला वेळ कधी उरायचा?

2008 मध्ये पॅशलर, मॅकडॅनियल, रोरर आणि ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी नेमका प्रश्न विचारला. ‘व्हिज्युअल’ मुलांना चित्रांनी आणि ‘ऑडिटरी’ मुलांना बोलून शिकवलं, काहींना मुद्दाम उलटं शिकवलं आणि शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घेतली, तर ज्याला त्याच्या शिक्क्याप्रमाणे शिकवलं तो पुढे जायला हवा. असा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. आवड खरी असते, पण आवडीप्रमाणे शिकवल्याने मार्क वाढतात हे सिद्ध होत नाही.

हे सांगितलं की वर्गात हिरमुसलेले चेहरे दिसतात. ‘म्हणजे आम्ही सगळे सारखेच का?’ अजिबात नाही. फरक आहेत, आणि बरेच मोठे आहेत. फक्त त्या चाचणीत ते विचारलेले नसतात.

सगळ्यात मोठा फरक म्हणजे आधी काय येतं. माझ्या एका बॅचमध्ये बारावीनंतर थेट आलेल्या मुली होत्या, आणि आधी बरीच वर्षं वॉर्डात काम केलेली एक विद्यार्थिनीही होती. खांद्याचा सांधा शिकवताना मुलींना नावं लिहिलेली आकृती, बाण, पायरीपायरीने सोडवलेलं उदाहरण लागायचं. त्यांना थेट ‘या रुग्णाचा हात वर का जात नाही?’ असं विचारलं तर त्या गोंधळून जायच्या, कारण शोधायला डोक्यात सामानच नाही. वॉर्डातून आलेल्या बाईंना मात्र तीच सजवलेली आकृती अडचणीची व्हायची. प्रत्येक बाणावर थांबून ‘हे तर मला माहीत आहे’ असं ठरवण्यातच त्यांचं लक्ष खर्च व्हायचं. त्यांना रुग्ण द्यावा, प्रश्न द्यावा, आणि बाजूला व्हावं. नवख्याला उपयोगी पडणारी मदत जाणत्याला नडते, हे कॅल्युगा या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये सविस्तर मांडलंय. गंमत म्हणजे याच बाई बायोकेमिस्ट्रीच्या तासाला अगदी कोऱ्या असायच्या आणि तिथे त्यांना सोडवलेली उदाहरणंच हवी असायची. म्हणजे माणूस तोच, पण विषय बदलला की अभ्यासाची पद्धत बदलायला हवी. ‘मी अशी आहे’ म्हणण्यापेक्षा ‘या धड्यात मी कुठे आहे’ हे विचारणं जास्त कामाचं.

दुसरा फरक खऱ्या अडचणींचा. कुणाला डिस्लेक्सिया असतो, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला एका जागी लक्ष टिकवणं फार जड जातं. त्यांना ऑडिओ पुस्तक, लेखी सूचना, छोटे टप्पे मिळालेच पाहिजेत. ही गरज आहे, आवडीनिवडीचा मामला नाही. शिक्क्यांच्या गदारोळात यांचं मागणंही ‘प्रत्येकाची आपली स्टाइल’ या खात्यात ढकललं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

आता सगळ्यांना लागू पडणारा भाग. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी पुन्हा वाचायचे होते, काही न बघता आठवून लिहायचे. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचलेले उतारे वरचढ ठरले, 81 टक्क्यांना 75. आठवड्याने घेतली तर पारडं फिरलं. आठवून लिहिलेल्यांचे 56 टक्के लक्षात होते, नुसत्या पुन्हा वाचलेल्यांचे 42. पाच मिनिटांच्या आकड्याकडे नीट बघा, घोळ तिथेच आहे. पुन्हा वाचल्यावर लगेच जो ‘येतंय, येतंय’ असा भास होतो तो खोटा नसतो, फक्त अल्पजीवी असतो. परीक्षा पाच मिनिटांनी असती तर हायलायटर जिंदाबाद.

म्हणून माझ्याकडे एक नियम सगळ्यांना आहे. पुस्तक मिटायचं आणि जे उरलं ते बाहेर काढायचं. पण कसं काढायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आवडीनिवडीला जागा आहे ती इथे. एक मुलगा येरझाऱ्या घालत मोठ्याने बोलतो, अडला की हात वर करून तिथेच उभा राहतो. एकजण कोऱ्या कागदावर नुसत्या आकृत्या काढते, शब्द एकही नाही. एकीने लहान भावाला गिऱ्हाईक केलंय, त्याला ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं खांद्याजवळचं जाळं) समजावते आणि तो ‘का?’ विचारतो तिथे तिची विकेट पडते. मला तिन्ही चालतात, कारण तिघांचंही पुस्तक मिटलेलं आहे. चौथा एक जण सुंदर रंगीत नोट्स काढतो, पुस्तक उघडं ठेवून. त्याच्या वहीचे फोटो वर्गभर फिरतात आणि व्हायवात तो गप्प होतो.

आणखी एक गोष्ट मुलांना आवडत नाही, ती म्हणजे मिसळणं. हाताच्या तीन मुख्य नर्व्ह आहेत: मीडियन, अल्नर, रेडियल. सोमवारी एक, मंगळवारी दुसरी असं केलं तर प्रत्येक दिवशी सगळं झकास येतं. मग मी तिन्हींचे रुग्ण मिसळून विचारते. मनगट लोंबलंय, कुठली? करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आकड्यासारखं वाकलंय, कुठली? अंगठा इतर बोटांसमोर येत नाही, कुठली? आणि सोमवारचे शूर मंगळवारच्या उत्तरात शिरतात. रुग्ण काही ‘आज रेडियलचा वार’ म्हणून येत नाही. कॉर्नेल आणि ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये हेच चित्रांवर करून पाहिलं. सहभागींना काही चित्रकारांची चित्रं मिसळून दाखवली, बाकीच्या चित्रकारांची एकेकाची सलग. नवीन चित्र कुणाचं हे ओळखताना मिसळून शिकणं सरस ठरलं, पण परीक्षा देऊन झाल्यावरही बहुतेकांना सलग शिकणंच आपल्याला जास्त मानवतं असं वाटत होतं. ‘मला असंच जमतं’ या वाक्यावर माझा विश्वास का बसत नाही, हे कळलं असेल.

वेळेबद्दल थोडंच सांगते. पहाटे उठणाराच हुशार, हे मी मानत नाही. पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं, आणि मोठेपणीही काहीजण सकाळचे असतात, काही रात्रीचे. ज्या वेळी डोकं चालतं त्या वेळी कठीण विषय घ्यावा, मरगळलेल्या वेळी जर्नलच्या आकृत्या पूर्ण कराव्यात. पण झोप कापून नव्हे, कारण दिवसा शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते.

मग आपल्याला काय मानवतं हे शोधायचं कसं? स्वतःवर प्रयोग करून. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हेच केलं होतं. निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, किती वेळाने किती विसरलं ते मोजलं आणि 1885 मध्ये पुस्तक छापलं. एवढी चिकाटी आपल्याकडून अपेक्षित नाही. सारख्या अवघडपणाचे दोन धडे घ्या, दोन पद्धतींनी तेवढाच वेळ द्या. त्याच संध्याकाळी स्वतःला काही विचारू नका. आठवड्याने दोन कोरे कागद घ्या, आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून मार्क द्या. एकदा करून थांबू नका, धडे बदलून पुन्हा करा, नाहीतर सोप्या धड्याचं श्रेय पद्धतीला जाईल.

मोठ्याने बोलणाऱ्या त्या मुलाने हे केलं. स्नायूंची कामं बोलून छान लक्षात राहत होती, पण रक्तवाहिन्यांच्या फांद्या बोलून काही केल्या राहत नव्हत्या, त्या काढूनच बसल्या. आता तो येरझाऱ्या घालतो तेव्हा खिशात खडू असतो आणि मध्येच फळ्याकडे वळतो. चित्रकला त्याची भयानक आहे. महाधमनी त्याने काढली की तिला नाव लिहावंच लागतं.