ठिपका कुठे होता?

‘सगळं आधीच ठरलेलं असतं’ म्हणणाऱ्यांशी मी सहसा वाद घालत नाही. पण माझा धाकटा भाऊ दैववादी नाही, तो बेंजामिन लिबेट या मेंदूशास्त्रज्ञाचे दाखले देणारा, लिबेटवाला आहे. त्याच्याशी भांडायचं तर वाचणं भाग होतं.

लिबेटचा गाजलेला प्रयोग १९८३चा. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, समोर घड्याळासारख्या तबकडीवर एक ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी मारतो. मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं आणि हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते सांगायचं. लोक हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधीची वेळ सांगत. मेंदूतली तयारी मात्र साधारण ५५० मिलिसेकंद आधीच सुरू झालेली दिसे. भाऊ म्हणतो, ‘बघ, तुला कळायच्या आत निर्णय झालेला असतो.’

मी कॉम्प्युटरवर तसाच फिरणारा ठिपका करून घेतला आणि बसले. अट अशी, की आधी ठरवायचं नाही, आपसूक वाटलं की बोट हलवायचं. गंमत म्हणजे काही वाटतच नाही! ठिपका गरगरत राहतो, आपण वाट बघत राहतो, आणि मग बोट हललेलं असतं. ‘वाटलं कधी?’ असं स्वतःला विचारलं की जे उत्तर येतं ते मागाहून जुळवलेलं, हे माझं मलाच कळत होतं. मिलिसेकंदांचा हिशेब असल्या उत्तरावर उभा करायचा?

२०१२मध्ये आरोन शर्गर आणि सहकाऱ्यांनी वेगळा अर्थ मांडला. मेंदूतली हालचाल सतत वरखाली होत असते आणि ती एका पातळीपलीकडे गेली की बोट हलतं. बोटाच्या अनेक हालचालींपासून मागे मोजत सरासरी काढली, की ही वरखाली चढत्या तयारीसारखी दिसते. म्हणजे तो आधीच झालेला निर्णय असेलच असं नाही. मला हे पटतं. पण भावापुढे मी विजयी मुद्रेने गेले नाही, कारण मेंदूतल्या गोंधळाने माझं बोट हलवलं, तर त्यातही मी कुठे आले?

शिवाय बोट का हलवायचं, याला कारणच नव्हतं. नोकरी सोडू का, अमक्याला खरं सांगू का, हे निर्णय आपण कारणं घोळवून घेतो. ती कारणं माझ्या स्वभावातून आली आणि स्वभाव मी निवडला नाही, हे कबूल. तरी समोरच्याने चांगला मुद्दा मांडला तर माझं मत बदलू शकतं, आणि माझ्यापुरतं स्वातंत्र्य म्हणजे एवढंच. ते कमीजास्त होऊ शकतं.

किती कमी होतं, याचं एक उदाहरण डोक्यातून जात नाही. २००३मध्ये प्रसिद्ध झालेली एका अमेरिकी शिक्षकाची केस. चाळिशीत त्याच्यात लहान मुलांविषयी विकृत ओढ उफाळली. हे वाईट आहे हे त्याला कळत होतं, पण आवरता येत नव्हतं. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ सापडली. ती काढल्यावर ओढ गेली. गाठ पुन्हा वाढली तेव्हा परतली.

स्कॅनमध्ये गाठ दिसली, म्हणून आपण त्याला निदान थोडीफार सूट देतो. मग ज्याच्या मेंदूला बालपणातल्या मारहाणीने वळण लागलं, पण स्कॅनमध्ये बोट ठेवावं असं काहीच दिसत नाही, त्याचं काय? भाऊ म्हणतो, दोघांत फरक नाही. मला वाटतं, आहे. पण कुठे, ते त्याला पटेल असं अजून सांगता आलेलं नाही.