आईने दिलेली टेस्ट
"एवढा आवाज येतोय, पण तो काय बोलला ते कळलंच नाही रे."

काल रात्री आई हे बोलली आणि मी रिमोट हातात धरून तसाच उभा. कोथरूडच्या आमच्या छोट्या हॉलमध्ये नवीन होम थिएटर लावलंय, दाखवायला म्हणून मुद्दाम ज्युरासिक पार्कची डिस्क काढली होती, १९९३चा सिनेमा, थिएटरमध्ये डीटीएस हा डिजिटल साउंड पहिल्यांदा आला तो याच्याबरोबर, आणि ते ग्लासातलं पाणी थरथरतं ना, तो धप्प आवाज सबवूफरमधून, म्हणजे बासच्या मोठ्या स्पीकरमधून, असा आला की शोकेसच्या काचा वाजल्या. मला वाटलं आई दचकेल, खूश होईल.

तिला माणसांचं बोलणं ऐकायचं होतं.

५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा सेटमध्ये, संवाद बहुतेक मधल्या सेंटर स्पीकरमधून येतात आणि मी सगळा जोर बासवर दिला होता. सेंटर थोडा वाढवला, सबवूफर कमी केला. मग तिचीच एक जुनी सीडी लावली, शास्त्रीय गायनाची, साधी दोन चॅनलची.

आधी नुसता तंबोरा. जोडीच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या, आणि गायिकेने पहिला सा लावायच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा. आईने डोळे मिटले. "सवाईला पुढे भारतीय बैठकीत बसल्यासारखं वाटतंय," एवढंच म्हणाली.

आता कुणी आलं की मी आधी हीच लावणार.

तुम्ही पहिली कुठली लावता?