पानाच्या कडेचा थेंब

आषाढातली सकाळ. मावळात आठ दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. सहाला पॉलीहाऊसमध्ये शिरले आणि नेहमीसारखी पहिल्या बेडपाशी थांबले. अशा दिवसांत अँथुरियम या फुलझाडाच्या पानांना कडेकडेने थेंब लागतात. ते दव नव्हे. मुळं रात्रभर पाणी ओढतात, हवा दमट असली की ते उडून जात नाही, मग कडेच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं. झाड खुशीत असल्याची ही खूण, असं मला इतकी वर्षं वाटायचं.

"ताई, हे पान बघा जरा," फुलं तोडणाऱ्या मावशींनी हाक मारली. "भिजल्यागत झालंय."

पान उलटं करून उजेडाकडे धरलं. कडेला मुगाएवढे पाणचट, तेलकट ठिपके, भोवती पिवळी कड. शेजारच्या झाडाचं खालचं पान तर नुसता हात लावला तर देठासकट निघून आलं. देठाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरला. थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली.

पोटात गोळाच आला. हा जिवाणूजन्य करपा, झँथोमोनास. झाडाच्या आत शिरला की त्यावर औषध नाही. 1980च्या दशकात हवाई बेटांवरच्या अँथुरियमच्या बागा यानेच उठवल्या होत्या. आणि तो आत शिरतो त्याच छिद्रांतून, जिथले थेंब मी रोज कौतुकाने बघत होते.

"माझ्याच कात्रीनं पसरलं का हो?" मावशींचा आवाज कापरा झाला.

कात्रीनेच पसरलं असणार. पण दर झाडाला कात्री जंतुनाशक औषधात बुडवायची, हे त्यांना सांगायचं माझं काम होतं आणि मी ते कधीच सांगितलं नव्हतं. तसं त्यांना म्हटलंही.

संध्याकाळपर्यंत आम्ही 140 झाडं उपटली. आजारी तर काढलीच, त्यांना खेटून असलेली धडधाकटही. नारळाच्या सोडणांत रुजलेली पाच वर्षांची मुळं सहजी सुटत नाहीत, दोन्ही हातांनी ओढावं लागतं. अँथुरियममध्ये एका पानाच्या बगलेत एकच फूल येतं. एकेका झाडावर उमलायच्या बेतातले लालबुंद कळे होते, ते तसेच पोत्यात गेले. बांधापलीकडे खड्डा घेऊन सगळं पुरलं. मावशी शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळचे फॉगर, म्हणजे धुक्यासारखं पाणी उडवणारे फवारे, त्याच दिवसापासून बंद केले, नत्र खत कमी केलं. आता मावशींकडे दोन कात्र्या असतात. एक हातात, दुसरी औषधाच्या डब्यात, आणि झाड बदललं की कात्री बदलते. सकाळी पानांच्या कडा कोरड्या दिसेपर्यंत आम्ही कोणी बेडमध्ये पाऊल टाकत नाही.