नानांनी वाचलेलं इंजिन

कोलंबस म्हटलं की लोकांना ओहायोमधलं मोठं शहर आठवतं. मी सांगतेय ते इंडियाना राज्यातलं, चाळीस-पन्नास हजार वस्तीचं. गावाचा मध्यभाग पायी फिरला तरी तासाभरात संपतो. पण त्या तासाभरात एलिएल आणि ईरो सारिनेन या बापलेकांच्या इमारती, आय. एम. पेई यांचं वाचनालय आणि हेन्री मूर यांचं शिल्प, एवढं सगळं वाटेत लागतं. याचं मोठं श्रेय जे. आयर्विन मिलर यांचं. डिझेल इंजिनं बनवणारी कमिन्स कंपनी त्यांनी अनेक वर्षं चालवली. पन्नासच्या दशकात कंपनीच्या फाउंडेशनतर्फे त्यांनी गावाला शब्द दिला: शाळा बांधायचीय ना, चांगला आर्किटेक्ट नेमा, त्याची फी आम्ही भरतो. तिथून जे सुरू झालं ते चौकाचौकात दिसतं.

पुण्याचा आणि या गावाचा संबंध इंजिनांचा. १९६२ मध्ये किर्लोस्कर आणि कमिन्स यांनी मिळून पुण्यात कंपनी काढली, कोथरूडला कारखाना उभा राहिला. तेव्हापासून पुण्याच्या कितीतरी इंजिनिअरांनी कोलंबसला वर्षं काढली आहेत. मीही त्यांतलीच. नव्या कामगारांना असेंब्ली शिकवण्याचं साहित्य तयार करणाऱ्या गटात मी होते. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच कामासाठी पुण्याहून काही अनुभवी माणसं आली, त्यांत नाना होते.

नाना मूळचे भोरकडचे. औंधच्या आयटीआयमधून अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागले आणि पुढची सगळी नोकरी त्यांनी कमिन्सच्या एनटी या डिझेल इंजिनाच्या असेंब्लीवर, म्हणजे सुटे भाग जोडून इंजिन बांधण्यावर, काढली. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. इंग्रजी समजायचं, बोलायला ते संकोचायचे. एके दिवशी सकाळची बैठक ऐनवेळी दुपारवर गेली. बाकीचे हॉटेलवर परतले, नाना म्हणाले, "मॅडम, खोलीत बसून काय करू? गाव तरी दाखवा."

मी त्यांना आधी आमच्या मुख्यालयाच्या लॉबीत नेलं. केविन रोश यांनी १९८३ मध्ये बांधलेली ती इमारत. लॉबीत एक इंजिन टांगलेलं आहे. एनटीसी-४००, नानांच्याच एनटी घराण्यातलं, चारशे अश्वशक्तीचं, सहा सिलिंडर, चौदा लिटर. ते अखंड नाही. न्यूयॉर्कचे ग्राफिक डिझायनर रुडॉल्फ डी हॅराक यांनी त्याचा भाग अन् भाग सुटा करून, प्रत्येक तुकडा त्याच्या नेमक्या रेषेत पण शेजारच्यापासून दूर, बारीक तारांवर लटकवला आहे. असेंब्ली ड्रॉइंगमध्ये सुटे भाग दाखवतात ना, तेच ड्रॉइंग हवेत उभं केलंय.

मी रोज त्याच्या शेजारून जायचे. नाना मात्र दारातच थांबले. हात पाठीमागे बांधून त्यांनी त्याभोवती एक सावकाश फेरी मारली. मग पुन्हा एक, उलट्या बाजूनं. पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"लायनर बसला. क्रँक ठेवला. सात बेअरिंग. आता पिस्टन, रिंगांची तोंडं एका ओळीत यायला नकोत..."

ते इंजिन बांधत होते. ज्या क्रमानं आयुष्यभर बांधलं त्याच क्रमानं, तोंडानं. मध्येच हात पुढे व्हायचा आणि मनगट वळायचं. बोल्ट किती आवळायचा ते मनगटाला ठाऊक होतं. हेडपाशी आले तेव्हा म्हणाले, "बघा, तीन हेडं. दोन-दोन सिलिंडरला एक. आणि हे बघा, हे. हेच पोरांना कळत नाही." बोट पुशरॉडकडे होतं.

पुशरॉड म्हणजे कॅमशाफ्टचा, उंचवटे असलेल्या फिरत्या दांड्याचा, जोर वर पोचवणारा लांब दांडा. या इंजिनात दर सिलिंडरला असे तीन असतात. दोन व्हॉल्व्हसाठी. तिसरा इंजेक्टरसाठी, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागासाठी, कारण डिझेलवरचा शेवटचा जोर पंप देत नाही. पंप ठरल्या दाबानं डिझेल इंजेक्टरपर्यंत पोचवतो आणि कॅमशाफ्टच त्याला सिलिंडरमध्ये दाबून घालतो. नवा मुलगा दुसऱ्या कंपनीची इंजिनं पाहून आलेला असतो, त्याला हा तिसरा दांडा कशाला ते उमगत नाही. आम्ही त्यावर स्लाइड केल्या होत्या, बाण काढले होते, अ‍ॅनिमेशन केलं होतं. नाना त्या टांगलेल्या इंजिनापुढे उभे राहून बोट हवेतून नेत होते: कॅम, फॉलोअर, पुशरॉड, रॉकर, इंजेक्टर. अखंड इंजिनात ही साखळी डोळ्यांना एका वेळी कधीच दिसत नाही. अर्धी ब्लॉकच्या पोटात, अर्धी झाकणाखाली. इथं ती सलग दिसत होती.

तेवढ्यात इमारती बघायला आलेला पर्यटकांचा एक गट आत आला. कोलंबसला असे गट येतच असतात. त्यांच्या गाइडबाईंनी मला हळूच विचारलं, हे गृहस्थ काय सांगताहेत? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्हाला ऐकता येईल का?

मी नानांना विचारलं. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणाले, "मग पहिल्यापासून घेतो."

आणि त्यांनी पहिल्यापासून घेतलं. ते मराठीत बोलत होते, मी मागोमाग इंग्रजीत. लायनर, पिस्टन, रॉकर हे शब्द तर दोन्हीकडे तेच, त्यामुळे काही वाक्यांना माझी गरजच पडली नाही. एका आजींनी विचारलं, यातली सगळ्यात अवघड जागा कोणती? नानांनी इंजेक्टरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू दाखवला. "इथं छोटा रेंच लागतो, इंच-पाउंडाचा. मोठ्या पान्याची सवय झालेला हात इथं चुकतो. जास्त आवळला तर इंजिन बिघडतं, कमी आवळला तर धूर." मी भाषांतर केलं. आजी म्हणाल्या, इतकी वर्षं मी हे इंजिन दागिन्यासारखं बघत आले. त्यांचं पुढचं वाक्य मी नानांना सांगितलं नाही, कारण माझाच घसा दाटून आला होता. त्या म्हणाल्या होत्या की हे बांधणारा माणूस मात्र आज पहिल्यांदा पाहिला.

तिथून फिफ्थ स्ट्रीटनं वाचनालयाकडे निघालो. वाटेतल्या वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या जुन्या दुकानांना साठच्या दशकात अलेक्झांडर जिरार्ड यांनी रंगांची एक योजना आखून दिली होती, जुन्या दर्शनी भिंतींची नक्षी उठून दिसावी अशी. ते सांगताना नाना मान डोलावत होते, पण मन मागे लॉबीतच होतं हे मला कळत होतं.

वाचनालयासमोरच्या मोकळ्या चौकात हेन्री मूर यांची 'लार्ज आर्च' उभी आहे. ब्राँझची कमान, सुमारे वीस फूट उंच, हिरवट. आकार हाडाच्या सांध्याची आठवण देणारा. वाचनालय १९६९ चं, कमान १९७१ ची; चौकात काहीतरी हवं हे पेईंनी सुचवलं आणि मिलर दांपत्यानं ती गावाला दिली. लोकांनी तिच्या खालून चालावं अशीच ती केलीय, आणि लोक चालतात. समोर एलिएल सारिनेनचं १९४२ चं चर्च, त्याचा उंच मनोरा कमानीतून दिसतो.

नाना खालून गेले नाहीत. आधी तळहात फिरवला. मग बोटाच्या पेरांनी दोन-तीन ठिकाणी ठोकून ऐकलं. "ओतीव आहे. पण एका ओतणीत एवढं निघायचं नाही. जोड कुठंय?"

मला माहीत होतं ते सांगितलं: पश्चिम बर्लिनच्या नोआक फाउंड्रीत ती पन्नासएक तुकड्यांत ओतली आणि तुकडे वेल्डिंग करून जोडले. नाना बराच वेळ जोड शोधत राहिले. चष्मा कपाळावर चढवून, गाल ब्राँझला लागेल इतक्या जवळून. सापडला नाही. "मॅडम, मूरसाहेब मोठे असतीलच. पण ज्यानं हे ग्राइंडिंग केलं त्याचं नाव कुठं लिहिलंय का?"

नव्हतं. मला ती चूक वाटते, आणि ती एका कोलंबसची नाही. आपल्याकडे चौकात थोरांचे पुतळे असतात, ते असावेतच. पण किर्लोस्करवाडी, पिंपरी, इचलकरंजी या गावांनी नांगर, इंजिनं, कापड करून पिढ्या जगवल्या. तिथल्या भर चौकात एखादा सुटा करून टांगलेला पंप, एखादा उघडा माग असायला काय हरकत आहे? शाळेतून घरी जाणाऱ्या मुलीला तो दिसला पाहिजे. आपला बाप दिवसभर काय करतो ते तिला कळलं पाहिजे.

शेवटी कॉमन्समध्ये गेलो. ही गावाची बंदिस्त चावडीच. आतमध्ये जाँ तँग्ली या स्विस शिल्पकाराचं 'केऑस १' आहे, १९७४ चं. तीस फूट उंच, सात टन वजनाचं, भंगारातून बांधलेलं आणि मोटरांवर चालणारं. जुनी इमारत पाडून २०११ मध्ये नवी उघडली, पण हे शिल्प जागचं हललं नाही. त्याला झाकून भोवतीची इमारत बदलली. आम्ही पोचलो तेव्हा ते चालू होतं. दांडे वर-खाली होत होते, चाकं फिरत होती, मधूनच खडखडाट. शेजारच्या खेळण्याच्या जागेतून मुलं पळत येऊन आ वासून बघायची आणि परत पळायची.

नाना उभे राहून पाहत होते. मला वाटलं, आवडलं. ते म्हणाले, "चालतंय झकास. पण कशासाठी चालतंय?"

मी समजावलं की काही करायचं नाही हेच त्याचं काम आहे, यंत्राचा निव्वळ नाच आहे तो. नाना म्हणाले, "लोड नसलेलं यंत्र मला बघवत नाही." मला ते शिल्प फार आवडतं. नानांना ते अखेरपर्यंत आवडलं नाही, आणि आम्ही तसेच जेवायला गेलो.

दुपारच्या बैठकीत आमच्या गटानं तिसऱ्या पुशरॉडच्या स्लाइड दाखवल्या. नाना गप्प बसून होते. संपल्यावर मला म्हणाले, "सांगा त्यांना, हे बंद करा आणि सगळ्यांना खाली लॉबीत घेऊन चला." मी तसंच सांगितलं. क्षणभर कोणी हललं नाही. मग आमचे प्रमुख उठले, त्यांच्यामागे सगळे. नानांनी लॉबीत तोच पाठ पुन्हा घेतला, या वेळी इंजिनिअरांसमोर. प्रश्न आले ते कामाचे: क्रम बदलला तर काय, नवा मुलगा नेमका कुठं अडतो, किती दिवसांत त्याला एकटं सोडता. नाना उत्तरं देत होते आणि आता अधूनमधून इंग्रजीतसुद्धा.

पुढच्या वर्षी पुण्यात, निवृत्तीआधी, नानांनी शिकाऊ मुलांच्या खोलीत एका इंजिनाची वरची बाजू सुटी करून टांगून घेतली. तारांची उंची त्यांनी स्वतः ठरवली, खोलीतल्या सगळ्यात बुटक्या मुलाच्या डोळ्यांसमोर कॅम यावा अशी. पंप मात्र त्यांनी टांगू दिला नाही. मी फोनवर कारण विचारलं. "तो बघून येत नाही, हातात घेऊनच यावा लागतो," ते म्हणाले. म्हणून पंप खाली टेबलावर ठेवला, शेजारी पाने.