खबर उशिरा पोचते

आज एमएस्सीच्या तासाला लिएनार-वीखर्ट पोटेन्शियल झालं, म्हणजे धावत्या विद्युतप्रभाराचं क्षेत्र ज्यावरून काढतात ते सूत्र. धावणारा प्रभार आत्ता कुठं आहे हे सूत्र विचारतच नाही. प्रकाशवेगानं खबर निघाली तेव्हा तो कुठं होता, तेवढंच विचारतं. तरी वेग एकसमान असला तर विद्युतक्षेत्र बरोबर आत्ताच्या जागेपासून निघाल्यासारखं दिसतं! इथं मी अडकलो ते अडकलोच. आणि हे लिएनारनं 1898 ला काढलं, वीखर्टनं 1900 ला, म्हणजे आइन्स्टाइनच्या 1905 च्या आधी. सापेक्षता आली तरी सूत्रात काही बदलावं लागलं नाही. बाकी डेरिव्हेशन म्हणजे निव्वळ हमाली.

संध्याकाळी सांगलीच्या आयर्विन पुलावर मित्राला सांगायला लागलो तर म्हणतो, "लेका, भडंग संपायच्या आत उरकणार का?"

नाही उरकलं.