निम्मी वीज म्हणे सोलरची!

आज सकाळी कोथरूडला अमृततुल्यमध्ये चहा घेताना शेजारचे काका मोबाईलवर बातमी दाखवत होते, "बघ, देशाची निम्मी वीज आता सौर-पवनची!" अहो काका, २०२५ मध्ये ५० टक्के झाली ती बसवलेली क्षमता, आणि त्यात मोठी धरणं नि अणुवीजपण धरलीये, प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून ७० टक्क्यांच्या आसपास आहे. पटेचना त्यांना. मग गच्चीवर नेऊन आमच्या ३ किलोवॉटच्या सोलरचा इन्व्हर्टर दाखवला, काल दिवसभरात १२ युनिट, आणि हेच चोवीस तास फुल चाललं असतं तर ७२ झाले असते ना! काका चष्मा कपाळावर चढवून आकडा बघत राहिले, मग म्हणाले, "पॅनल पुसत नाहीस वाटतं तू." घ्या आता 😄